कारखान्याची बोल्ट-ॲक्शन रायफल सुधारायची की कस्टम घ्यायची? या चुका टाळा

पुढचे सगळे अमेरिकेतल्या नेमबाजांसाठी आहे. तिथे बॅरल (बंदुकीची नळी), ट्रिगर आणि स्टॉक (रायफल ज्यात बसते तो दस्ता) दुकानात मिळतात आणि बरेचसे काम घरी करता येते. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो. त्यामुळे इथल्या मालकाने रायफल परवानाधारक कारागिराकडेच न्यावी. उदाहरणासाठी रेमिंग्टन ७०० घेतली आहे, कारण १९६२पासून चालत आलेल्या या रायफलीसाठी जितके सुटे भाग मिळतात तितके दुसऱ्या कुठल्या रायफलीसाठी क्वचितच मिळतात.

तीन गोळ्यांवरून निकाल लावणे

तीन गोळ्यांचा अर्ध्या इंचाचा ग्रुप (छिद्रांचा पुंजका) योगायोगानेही पडतो, आणि मग पुढचे वर्षभर माणूस तो परत मिळवण्यासाठी पैसे ओतत राहतो. १०० यार्डांवर एकाच लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या) दहा गोळ्या मारा, किंवा पाच गोळ्यांचे चार-पाच ग्रुप घेऊन सरासरी काढा. १०० यार्डांवर १ एमओए (अचूकता मोजायचे कोनाचे माप) म्हणजे १.०४७ इंच. दहा गोळ्या दीड इंचात बसत असतील तर शिकारीच्या रायफलीकडून आणखी काही मागायचे कारण नाही.

स्क्रू न तपासता भाग बदलणे

'रायफल खराब आहे' या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा स्क्रूमध्ये असते. टॉर्क रेंच विकत घ्या. ॲल्युमिनियम ब्लॉक किंवा पिलर (स्क्रूभोवतीची धातूची नळी) असलेल्या स्टॉकमध्ये ॲक्शनचे, म्हणजे काडतूस कोंडणारा बोल्ट आणि तो ज्यात सरकतो त्या भागाचे, स्क्रू ६५ इंच-पाउंडाला आवळतात. पिलर नसलेल्या लाकडी स्टॉकमध्ये ४०–४५च्या वर जाऊ नका, लाकूड दबते आणि आठवडाभरात स्क्रू पुन्हा सैल होतो. स्कोपच्या (दुर्बिणीच्या) रिंगच्या वरच्या स्क्रूंना १५ ते १८ पुरतात. जास्त आवळले की स्कोपची नळी चेमटते आणि फोकसची कडी जड फिरू लागते. बेस (रिंग ज्यावर बसते तो भाग) आणि रिंगचा आकडा मात्र बनवणाऱ्याने दिलेलाच पाळा. सगळे जागेवर असूनही गोळ्या दोन वेगळ्या पुंजक्यांत पडत असतील, तर संशय आधी स्कोपवर घ्या. खात्रीचा दुसरा स्कोप लावून पाहिला की उलगडा होतो.

ट्विस्टकडेही, म्हणजे बॅरलच्या आतल्या पिळाकडेही बघा. जुन्या .२२३ रेमिंग्टन ७००ना १२ इंचांत एक फेरा असायचा. त्यातून ५५ ग्रेन वजनाची गोळी छान जाते, पण ७७ ग्रेनची स्थिर होत नाही आणि कागदाला आडवी छिद्रे पडतात. ते कुठल्याही बेडिंगने (ॲक्शन स्टॉकमध्ये इपॉक्सीने नेमकी बसवून) सुधारत नाही.

बेडिंग घाईत करणे

बेडिंग हवे आहे की नाही, ते आधी मोजा. डायल इंडिकेटरचा (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या उपकरणाचा) तळ बॅरलला बांधा, टोक स्टॉकच्या पुढच्या भागावर टेकवा आणि पुढचा ॲक्शन स्क्रू सैल करा. काटा ०.००२ इंचापेक्षा जास्त हलला तर ॲक्शन ताणाखाली बसली आहे. मग मरीन-टेक्स किंवा डेव्हकॉनची इपॉक्सी वापरा.

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. रिकॉइल लगच्या (गोळी सुटतानाचा धक्का स्टॉकवर देणाऱ्या धातूच्या भागाच्या) पुढच्या, खालच्या आणि बाजूच्या पृष्ठभागांवर टेप लावायची राहते. टेकायला हवी ती फक्त मागची बाजू. टेप नसेल तर ॲक्शन काढता-घालता नवे बेडिंग खरवडते. दुसरे, इपॉक्सी ओले असतानाच स्क्रू पूर्ण आवळतात, म्हणजे जो ताण काढायचा होता तोच आत गोठतो. तिसरे, खाचा मॉडेलिंग क्लेने न भरणे किंवा रिलीज एजंट (इपॉक्सी चिकटू न देणारा लेप) एखाद्या कोपऱ्यात न लागणे. मग स्टॉक आणि ॲक्शन एकजीव होतात. तसे झालेच तर हातोडी उचलू नका, काही तास फ्रीझरमध्ये ठेवा. धातू आकसला की बहुधा सुटते. इपॉक्सीला २४ तास द्या.

ट्रिगर घासणे

सीअरला (ट्रिगरमधल्या, पिन अडवून धरणाऱ्या तुकड्याला) कानस लावू नये. रेमिंग्टनने मे २००६ ते एप्रिल २०१४ या काळातल्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली परत मागवल्या होत्या, त्याही जुळणीच्या वेळी जास्त पडलेल्या चिकट पदार्थामुळे. तुमची त्या काळातली असेल तर तो ट्रिगर बदलून घ्या. टिम्नी किंवा ट्रिगरटेक कंपनीचा ट्रिगर बसवल्यावर रिकाम्या रायफलीचा बोल्ट जोरात मिटून पाहा, सेफ्टी चालू-बंद करा, बट (दस्त्याचे मागचे टोक) रबरी चटईवर आपटा. एकदा जरी फायरिंग पिन (काडतुसावर ठोका देणारी) सुटली तरी रायफल वापरू नका.

बॅरल बदलायची वेळ आली तरी जुन्याच ॲक्शनला धरून बसणे

खरा हिशेब इथे करायचा. ७०० डॉलरची रायफल, बॅरल आणि ती बसवायला ८५०, ॲक्शन ट्रू करायला (तिचे पृष्ठभाग लेथवर सरळ करून घ्यायला) २५०, ट्रिगर २००, स्टॉक ४००: झाले २४००. उलट झर्मॅट आर्म्सची ओरिजिनसारखी ॲक्शन हजाराच्या आसपास, तयार चेंबरची (काडतूस बसायच्या जागेची) प्रीफिट बॅरल ५००, तोच ट्रिगर, तोच स्टॉक, आणि व्हाइस, रेंच, हेडस्पेस गेज (मिटलेल्या बोल्टपुढे काडतुसाला किती जागा आहे ते तपासायचे माप) यांना २०० धरले तरी २३००. किमती थोड्या इकडेतिकडे होतील, पण कल बदलत नाही. शिवाय विकताना ट्रू केलेल्या जुन्या ॲक्शनचे जास्तीचे पैसे कोणी देत नाही. म्हणून ॲक्शन ट्रू करायला पैसे देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सॅव्हेज ११०वाल्यांची गोष्ट वेगळी. बॅरल नटमुळे (बॅरल ॲक्शनला आवळणाऱ्या नटमुळे) लेथशिवाय बॅरल बदलता येते. गो गेजवर (लहान मापावर) बोल्ट मिटला पाहिजे आणि नो-गोवर (मोठ्या मापावर) मिटता कामा नये. नट आवळताना बॅरल किंचित फिरते, म्हणून दोन्ही गेज आवळल्यानंतर पुन्हा लावा. हे तपासताना बोल्टमधला इजेक्टर (रिकामे काडतूस बाहेर फेकणारा भाग) काढून ठेवा, नाहीतर त्याच्या स्प्रिंगचा दाब हाताला चकवतो.

ट्रिगर आणि स्टॉक घेताना मात्र ७००च्या मापाचेच घ्या. बहुतेक कस्टम ॲक्शन आणि बर्गारा बी-१४ त्याच मापात बसतात, त्यामुळे उद्या ॲक्शन बदलली तरी ते ६०० डॉलर वाया जात नाहीत.