ट्रॉलीच्या दांड्यातला तडा वेळेत कसा ओळखाल

कापूस जिनिंगला नेताना भरल्या ट्रॉलीचा ट्रॅक्टरला जोडणारा दांडा तुटला, की माल जास्त झाला म्हणून विषय मिटवतात. आधी तुटलेलं तोंड पाहा. एका बाजूला गुळगुळीत, गंजलेला भाग अन् त्यावर शिंपल्यासारख्या वळ्या दिसल्या, तर तडा कितीतरी दिवस वाढत होता. शेजारचा खरबरीत, ताजा भाग तेवढा शेवटच्या खड्ड्यात तुटला.

असा तडा बहुधा वेल्डिंगच्या कडेला, बोल्टच्या भोकापाशी किंवा एक्सलची जाडी एकदम बदलते तिथं सुरू होतो. ताण तिथं एकवटतो.

हंगामाआधी तपासा. रंगावर बारीक तांबूस रेघ पाझरलेली दिसली, तर तिथूनच सुरुवात करा. तारेच्या ब्रशनं रंग, ग्रीस, माती काढा. ग्राइंडर नको, त्यानं लोखंड फासलं जाऊन तड्याचं तोंड बुजतं. रॉकेल लावून 20 ते 30 मिनिटं मुरू द्या, मग कोरड्या फडक्यानं अगदी स्वच्छ पुसा. खडूची भुकटी स्पिरिटमध्ये कालवून पातळ थर द्या. थोड्या वेळानं पांढऱ्यावर ओलसर रेघ उमटते, तोच तडा. हे काम सकाळी सावलीतच करा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात लोखंड इतकं तापतं, की रॉकेल मुरण्याआधीच उडतं.

तड्यावर नुसती पट्टी ठोकू नका. खाली तो वाढतच राहतो, वर दिसत मात्र नाही. दांडा साध्या चॅनेलचा असेल, तर तड्याच्या दोन्ही टोकांना, दिसणाऱ्या टोकाच्या जरा पुढं, 6 ते 8 मिलिमीटरचं भोक पाडा. तडा मुळापर्यंत व्ही आकारात कोरा आणि 7018 नंबरच्या (कमी हायड्रोजनच्या) वेल्डिंग रॉडनं भरा. रॉड पावसाळी हवेत उघडे राहिले असतील तर आधी 300 ते 350 अंशांवर तासभर भट्टीत वाळवा. ओल्या रॉडमुळं वेल्डिंगशेजारी नवा तडा जातो. शेवटी कडा ग्राइंडरनं सपाट, गुळगुळीत करा.

एक्सलला तडा असेल तर वेल्डिंग नकोच, एक्सल बदला. त्याच्या पोलादात कार्बन जास्त असतो, म्हणून वेल्डिंगशेजारचा भाग कडक, ठिसूळ होतो आणि एक्सल तिथूनच तुटतो. दुरुस्त केलेला दांडा पहिल्या चार-पाच खेपांनंतर पुन्हा रॉकेल-खडूनं तपासा.