क्वांट ट्रेडिंगची नोकरी: कोडिंग किती यायला हवं?

अजिबात कोडिंग न येता क्वांट ट्रेडिंगमध्ये, म्हणजे गणित आणि कोडच्या आधारे बाजारात खरेदी-विक्री करण्याच्या कामात, शिरणं आज जवळपास अशक्य आहे. म्हणून व्हीएनआयटीत सिव्हिल शिकणाऱ्याने किंवा नागपूर विद्यापीठातून गणितात एमएस्सी करणाऱ्याने माघार घ्यायचं मात्र कारण नाही. किती कोडिंग हवं, ते पदावर ठरतं. डेव्हलपरला सी प्लस प्लस, लिनक्स आणि नेटवर्किंग पक्कं लागतं, कारण तिथे मायक्रोसेकंदाचा हिशेब असतो. रिसर्चर किंवा ट्रेडरचं काम बहुतेक ठिकाणी पायथन आणि त्यातल्या पांडाज, नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररींवर सुरू होतं; त्यांची खरी परीक्षा संभाव्यता आणि संख्याशास्त्रात होते.

आपण कुठे आहोत ते असं तपासा. लागोपाठ दोन छापे पडेपर्यंत नाणं सरासरी किती वेळा उडवावं लागेल? आधी कागदावर सोडवा; उत्तर ६ येतं. मग तोच प्रयोग पायथनमध्ये एक लाख वेळा चालवून सरासरी काढा. अर्ध्या तासात जमत नसेल, तर अर्ज करण्याआधी दोन-तीन महिने रोज सराव करा.

त्यानंतर एकच प्रोजेक्ट करा, पण नीट. एनएसईच्या साइटवर रोजची भावकॉपी (सगळ्या शेअरच्या त्या दिवसाच्या भावांची फाइल) फुकट मिळते. पाच वर्षांची उतरवा आणि एखादा साधा नियम तपासा: २० दिवसांची सरासरी १०० दिवसांच्या वर गेली की खरेदी, खाली आली की विक्री. घोळ इथेच होतात. भावकॉपीतले जुने भाव बोनस-स्प्लिटनुसार बदललेले नसतात. १:१ बोनस (एका शेअरमागे एक फुकट) झाला की शेअर एका दिवसात निम्म्यावर आल्यासारखा दिसतो आणि कोड खोटी विक्री करतो. आजच्या बंद भावावरून निर्णय घेऊन त्याच भावाने खरेदी दाखवली, तर नफा फुगतो. म्हणून पांडाजमध्ये सिग्नल (खरेदी-विक्रीचा इशारा) ‘शिफ्ट’ या फंक्शनने एक दिवस पुढे ढकला. निफ्टीतले आजचेच ५० शेअर घेऊन मागची वर्षं तपासू नका, मधल्या काळात निफ्टीतून वगळलेल्या कंपन्या त्यातून गळतात.

खर्च तर बहुतेक जण विसरतातच. डिलिव्हरीत (शेअर त्याच दिवशी न विकता खात्यात घेतले तर) एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा सरकारी कर, खरेदीवर ०.१ टक्का आणि विक्रीवर ०.१ टक्का. सगळं भांडवल दर आठवड्याला फिरवलं, तर वर्षाला सुमारे १० टक्के नुसत्या एसटीटीत जातात.

कोड गिटहबवर (कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवायची साइट) ठेवा आणि खर्च वजा केल्यावर नियम तोट्यात गेला तरी तसंच लिहा. मुलाखतीत कुठल्याही ओळीवर बोट ठेवून ‘हे का?’ विचारतात, तेव्हा उचललेला कोड लगेच उघडा पडतो.