पेमेंट सोडण्याआधी एक फोन

सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचं अकाउंट्स मी सांभाळते. नवीन कुणी रुजू झालं की टॅलीच्या आधी मी मेलवरून होणारी पेमेंटची फसवणूक कशी टाळायची ते शिकवते. कॉम्प्युटरवाला बोलावल्यावर येतो; रोज मेल उघडणारे आपणच.

सगळ्यात सावध राहायचं ते ‘आमचं बँक खातं बदललंय’ या मेलपासून. लेटरहेड खरं, बिल नंबर खरा, खाली मागचा पत्रव्यवहारसुद्धा जोडलेला. कारण बऱ्याचदा पार्टीचाच, म्हणजे आपल्याला माल देणाऱ्याचाच, मेल कुणीतरी फोडलेला असतो. म्हणून त्या मेलला उत्तर देऊन खात्री होत नाही, आणि त्यातल्या नंबरवर फोन तर करायचाच नाही. जुन्या बिलावरचा नंबर काढा, नेहमीच्या माणसाशी बोला आणि नवा खाते क्रमांक त्याला सांगायला लावा. तुम्ही वाचून दाखवलात तर समोरचा घाईत ‘हो हो’ म्हणून मोकळा होतो.

एनईएफटी आणि आरटीजीएस खाते क्रमांकावर जातं, नाव काहीही टाका. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पासून खातेदाराचं नाव आधी दाखवायची सोय बँकांना द्यायला लावली आहे. ते नाव नुसतं ओके न करता वाचा. बेनिफिशियरी, म्हणजे पैसे घेणाऱ्याचं खातं, जोडणारा एक, मंजूर करणारा दुसरा. साहेबांचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून आपल्याच ड्रॉवरमध्ये पडला असेल, तर दोन माणसं ठेवून उपयोग काय? हे साहेबांना सांगायचं काम माझं, तुम्ही त्यात पडू नका.

फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करून ठेवा. मग पीडीएफ वाटणाऱ्या बिलाच्या शेवटी ‘डॉट ईएक्सई’ दिसेल, म्हणजे ते बिल नसून प्रोग्राम आहे, आणि ते उघडायचं नाही हे सांगावं लागणार नाही. चहाला उठताना विंडोज आणि एल ही बटणं एकदम दाबा, स्क्रीन लॉक होते.

एवढं करूनही चुकीचं पेमेंट गेलं, तर आधी बँकेला आणि लगेच १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधीच गोठवता येतात, त्यामुळे घाबरून तासभर गप्प बसू नका. मला रात्री अकराला उठवलंत तरी चालेल. मशीनवर शंका असेल तर नेटची वायर काढा, पण फॉरमॅट कुणाला मारू देऊ नका, पुरावा जातो. फोन लावताना व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो), रक्कम आणि वेळ समोर ठेवा, तिकडून हेच विचारतात.