तोंड आलं की घरी काय करावं, आणि कधी घरी थांबू नये

ओठाच्या आत किंवा जिभेच्या कडेला एक बारीकसा फोड येतो आणि तिखट आमटीचा पहिला घास घेतला की डोळ्यांत पाणी उभं करतो. तोंड आलं की कोकणात घरोघरी उपाय सुरू होतात. त्यातले काही चांगले आहेत, काही मात्र जखम आणखी जाळतात. खरं तर साधा फोड सात ते चौदा दिवसांत आपोआप भरतो. त्याला चटकन घालवणारं औषध कुणाकडेच नाही. तोवर दुखणं कमी करायचं, जखमेला डिवचायचं नाही आणि दिवस मोजायचे, एवढंच घरी करायचं असतं.

१. आधी नीट बघा

आरशासमोर उभं राहून मोबाइलचा टॉर्च मारा, ओठ उलटा करा, जीभ वर उचला. साधा फोड गोल किंवा लांबट असतो, मध्ये पांढरट-पिवळसर, भोवती लाल कड. आकार बहुधा एक सेंटिमीटरपेक्षा कमी. गालाच्या आत, ओठाच्या आत, जिभेखाली अशा मऊ जागी तो येतो आणि पहिले तीन-चार दिवस जास्त दुखतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ओठाच्या बाहेरच्या बाजूला पाण्याने भरलेल्या पुटकुळ्यांचा पुंजका आला असेल तर ते दुखणं वेगळं. ते विषाणूचं असतं आणि लागणारं असतं, तेव्हा भांडं-टॉवेल वेगळं ठेवा आणि लहान बाळाची पापी घेऊ नका.

मग गेल्या दोन दिवसांत काय झालं ते आठवा. बांगड्याचा काटा टोचला? भाकरीचा कडक पापुद्रा घासला? जेवताना गाल चावला गेला? तुटलेल्या दाताची धार किंवा सैल कवळी रोज त्याच जागी लागत असेल, तर ती नीट करून घेतल्याशिवाय फोड बरा होणार नाही. आंब्याच्या दिवसांत ओठांवर आणि तोंडाच्या कडेला उठतं ते पुष्कळदा देठाच्या चिकाने, आणि ओले काजू दातांनी सोलणाऱ्यांचं तोंड सालीतल्या तेलाने भाजतं. हे फोड नव्हेत, भाजणं आहे. भरपूर पाण्याने धुवा आणि पुन्हा तसं करू नका.

फोड दिसला ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ही पायरी कुणीच करत नाही, आणि पुढे तीच सर्वांत उपयोगी पडते.

२. गुळण्या

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. खडे मीठ असेल तर पूर्ण विरघळू द्या, कण जखमेत बसला तर कळ मस्तकात जाते. घोट तोंडात घेऊन मान फोडाच्या बाजूला कलती करा, अर्धा मिनिट हळू खळबळवा, थुंका. दिवसातून तीन-चार वेळा, त्यातली एक रात्री जेवून दात घासल्यावर. जास्त मीठ घातल्याने लवकर बरं होत नाही. झोंबलं म्हणजे लागू पडलं, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे आणि तीच नडते.

मीठ सोसत नसेल तर अर्धा कप पाण्यात एक चमचा खायचा सोडा घालून गुळण्या करा. तोंडातली आंबटाई कमी होते आणि बऱ्याच जणांना तो मिठापेक्षा सुसह्य वाटतो. यातलं काहीही गिळायचं नाही, रक्तदाब असलेल्यांनी तर नाहीच.

३. काय लावावं, काय लावू नये

स्वच्छ मऊ कापडाच्या टोकाने फोड हलकेच टिपून कोरडा करा आणि लगेच बोटाने मधाचा एक थेंब लावा. कोरडा न करता लावला तर मध लाळेबरोबर वाहून जातो आणि मग लोक म्हणतात, मधाने काही झालं नाही. झोपताना लावलेला जास्त वेळ टिकतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नको. घरचं साजूक तूप किंवा खोबरेल लावलं तर जखमेवर थर बसतो आणि घास कमी घासतो. त्याने फोड लवकर भरेल असं नाही, पण जेवायच्या आधी लावलं तर जेवण सुखाचं होतं. जाईची किंवा पेरूची कोवळी पानं चावून थुंकायची जुनी रीत आहे. पानं धुतलेली आणि फवारणी न झालेली असतील तर करायला हरकत नाही.

आता जे करू नये ते. पानाच्या डब्यातला चुना लावू नका, तो आतली त्वचा भाजतो. तुरटीचा खडा घासणं, कोरडं मीठ दाबणं, लवंगेचं तेल तसंच लावणं, सगळं बंद. दुखण्याची अॅस्पिरिनची गोळी फोडावर दाबून धरणारे लोक आहेत. तिने पांढरा जळका डाग पडतो आणि छोट्याशा फोडाची मोठी जखम होते. गोळी घ्यायचीच तर पॅरासिटामॉल, आणि तीही पाण्याबरोबर गिळायची. मेडिकलमधलं बधिर करणारं जेल मोठ्यांनी दोन-तीन दिवस वापरावं. मुलांसाठी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

४. जेवण

इथे कोकणातल्या माणसाची खरी पंचाईत होते. कोकम थंड म्हणून तोंड आलेल्याला कोकम सरबत देतात, पण कोकम आंबट आहे आणि आगळात मीठही भरपूर असतं, त्यामुळे उघड्या जखमेला ते झोंबणारच. सोलकढी, कैरीचं लोणचं, अननस, मालवणी मसाला आणि तिरफळं हे सगळं आठवडाभर बाजूला ठेवा.

त्याबदल्यात सकाळी उकड्या तांदळाची पेज, चांगली शिजवलेली आणि कोमट. दुपारी गुरगुट्या भात, तूप, मेतकूट, मेतकूट तिखट असेल तर नुसतं तूप. घावणे करा आणि चटणीऐवजी गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून मऊ झाल्यावर खा, याहून सोपा घास तोंड आलेल्याला मिळणार नाही. मासे सोडवत नसतील तर काट्याचे नकोत, पापलेट किंवा सुरमईचा तुकडा हळद-मिठात वाफवून घ्या. शहाळं, गोडं ताक, केळं चालतं. पोटात उष्णता झाली म्हणून सब्ज्याचं पाणी देतात, तेही द्या, पोटात पाणी जातं हे चांगलंच. चहा निवू द्या.

५. परत परत येत असेल तर

टूथपेस्टच्या वेष्टनावर सोडियम लॉरिल सल्फेट लिहिलेलं असेल तर ते नसलेली पेस्ट वापरून बघा. काहींचे फोड एवढ्याने कमी होतात. जागरणं आणि ताण हेही कारण असतं. लोह, बी-१२ आणि फोलेट कमी असलं तरी तोंड येतं. मासे खाणाऱ्या घरात बी-१२ सहसा कमी पडत नाही असं वाटतं, पण मधुमेहावर बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि वयस्कांत ते कमी होऊ शकतं. दर वेळी बी-कॉम्प्लेक्सची पट्टी आणण्यापेक्षा एकदा रक्त तपासून घेतलेलं बरं.

६. घरी थांबायचं नाही ते कधी

तीन आठवडे झाले आणि फोड भरला नाही, तर कॅलेंडर बघा आणि दवाखान्यात जा. तंबाखू, गुटखा, मिश्री किंवा सुपारीची सवय असेल तर दोन आठवडेही थांबू नका. इथे मी आग्रहाने लिहितोय, कारण न दुखणारा, कडक कडेचा फोड कर्करोगाचा असू शकतो आणि दुखत नाही म्हणूनच माणसं त्याकडे दुर्लक्ष करतात. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचा आपल्याला अभिमान आहे, तो असावाच. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीच, तंबाखूशिवायसुद्धा, माणसात कर्करोग घडवणारी ठरवली. सुपारी खाणाऱ्याला साधं तिखटही झोंबायला लागलं आणि तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावेनाशी झाली, तर फोड असो-नसो, दाताच्या डॉक्टरांना दाखवा. मिश्री लावणाऱ्या आयाबायांना हे घरच्यांनीच सांगायला हवं, त्या आपणहून जात नाहीत.

पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ, एक सेंटिमीटरहून मोठा फोड, ताप, घटणारं वजन, सोबत डोळे लाल होणं किंवा गुप्तांगावर फोड, यातलं काहीही दिसलं तर लगेच जा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याचं तोंड आलं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा, ते औषध अंगावर उलटत असल्याची ती खूण असू शकते. जाताना चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या.

लहान मुलाच्या तोंडातल्या फोडांबरोबर तळहात-तळपायावरही पुरळ दिसली तर शाळा-अंगणवाडीत पाठवू नका, ते इतर मुलांना लागतं. मूल गार पेज, शहाळं, पाणी घोट घोट घेत असेल तर काळजी कमी. सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा ते पेंगुळलेलं दिसलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.