थंड पाणी आणि मोठे चढ: दूरच्या ट्रायथलॉनची तयारी करताना या चुका टाळा

ट्रायथलॉनसाठी, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग शर्यतीसाठी, दूरच्या डोंगराळ प्रदेशात जाणाऱ्यांची तयारी मी गेली नऊ वर्षे करून घेत आहे, आणि त्याआधीपासून स्वतःही अशा शर्यती करत आलो आहे. या काळात ज्यांना शर्यत अर्ध्यावर सोडताना पाहिले, त्यांतल्या बहुतेकांचा दम कमी नव्हता. त्यांचा घात दोनच ठिकाणी झाला: पाण्यात शिरल्यावरच्या पहिल्या तीन मिनिटांत आणि सायकलच्या पहिल्या खऱ्या चढावर. नॉर्वेच्या नॉर्समन शर्यतीत स्पर्धक पहाटे बोटीवरून थेट फ्योर्डच्या (डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीच्या) पाण्यात उडी घेतात आणि पुढे असणाऱ्यांची शर्यत सुमारे १,८५० मीटर उंचीवर, गाउस्टाटोपेनच्या माथ्यावर संपते. ती छायाचित्रे पाहून अनेकांना अशा शर्यतीची ओढ लागते, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र नाव नोंदवल्यानंतरचे महिने नवी चाके आणि नवा वेटसूट (थंड पाण्यात ऊब टिकवणारा रबरी पोशाख) निवडण्यात जातात, थंड पाण्यात एकदाही उतरणे होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिली चूक: थंड पाण्याची पहिली भेट शर्यतीच्या दिवशी

तरणतलावाचे पाणी साधारण २६ ते २८ अंशांचे असते, तर डोंगरातल्या तळ्याचे १४ अंशांचे असू शकते. पाण्यात शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने जाते, हे बहुतेकांनी वाचलेले असते, आणि म्हणून त्यांना भीती वाटते ती शरीर हळूहळू गार पडण्याची. वेटसूट घातलेला माणूस पहिल्या काही मिनिटांत तसा गार पडत नाही. खरा धोका त्याच्या कितीतरी आधी येतो. त्वचा एकाएकी गार झाली की माणूस आपोआप मोठा श्वास आत ओढतो, त्यापाठोपाठ श्वास इतका भरभर चालू लागतो की तो आवरता येत नाही, नाडी आणि रक्तदाब वाढतात. हा झटका पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत तीव्र असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. मात्र तो पहिला श्वास ओढला जातो त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर हवेऐवजी पाणी आत जाते.

चार वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकणारे एक गृहस्थ तलावात १,५०० मीटर अंतर २७ मिनिटांत सहज पोहत असत. शर्यतीच्या दोन दिवस आधी आम्ही मुक्कामी पोहोचलो. आदल्या दिवशी दहा मिनिटे तरी पाण्यात उतरा, असे मी त्यांना दोनदा सांगितले. परंतु प्रवासाचा शीण आहे, वेटसूट कोरडा राहिलेला बरा, असे म्हणून त्यांनी ते टाळले, आणि मीही आग्रह धरला नाही. दुसऱ्या दिवशी पाणी १४ अंश होते. भोंगा वाजताच ते घोळक्याच्या मधोमध घुसले आणि तलावात सवय झालेल्या वेगाने हात मारू लागले. किनाऱ्यावरून मला त्यांची पिवळी टोपी दिसत होती. जेमतेम ऐंशी मीटरांवर ती थांबली. त्यांचा एक हात सारखा गळ्याशी जात होता, वेटसूटची कॉलर ओढत होता. मग त्यांनी हात वर केला आणि मदतीची कायाक, म्हणजे छोटी वल्ह्याची होडी, त्यांच्यापर्यंत पोहोचली. कायाकला धरून श्वास घेण्यास सहसा मुभा असते, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचे नसते; पाच मिनिटे थांबून त्यांना पुढे जाता आले असते. पण ते बाहेर आले. हा सूट माझा गळा आवळतो आहे, छातीवर कोणीतरी बसले आहे असे वाटले, असे ते कितीतरी वेळ सांगत होते. तोच सूट त्यांनी तलावात तीन वेळा घातला होता आणि तेव्हा त्याबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती.

थंड पाण्याची सवय अंगी बाणवायला फार दिवस लागत नाहीत, ही यातली चांगली बाजू आहे. दोन-तीन मिनिटांसाठी पाच-सहा वेळा थंड पाण्यात उतरले, तरी तो झटका बराच सौम्य होतो आणि ही सवय पुढे बराच काळ टिकते. मी शर्यतीच्या सहा आठवडे आधी सुरुवात करतो, आणि काठावर लक्ष ठेवणारे माणूस असल्याशिवाय कधीही उतरत नाही. माझा क्रम ठरलेला आहे. कंबरभर पाण्यात उभे राहायचे, कॉलर ताणून ओंजळभर पाणी स्वतःच आत सोडायचे, चेहऱ्यावर पाणी मारायचे, मग तोंड बुडवून दहा वेळा सावकाश उच्छ्वास सोडायचा, आणि त्यानंतर पाठीवर तरंगत राहायचे. एक पूर्ण वाक्य न अडखळता मोठ्याने बोलता आले की मगच पोहायला लागायचे. शर्यतीच्या सकाळी पाण्यात उतरण्याची परवानगी असेल तर हेच करावे. नसेल तर निदान बाटलीतले गार पाणी चेहऱ्यावर आणि मानेवर ओतावे, घोळक्याच्या कडेला उभे राहावे आणि पहिले दोनशे मीटर इतके सावकाश जावे की मागे पडतो आहोत असे वाटावे.

रोज थंड शॉवर घेतो, तेवढे पुरेसे नाही का, असे मला नेहमी विचारले जाते. शॉवर निरुपयोगी नाही, त्याने अंगाला काही सवय होते. पण चेहरा पाण्यात, कडेने कोणाचा तरी पाय लागतो आहे, मार्ग दाखवणारा पुढचा तरंगता बोया लाटेआड गेला आहे आणि अशात श्वास सांभाळायचा आहे, हे शॉवरखाली उभे राहून शिकता येत नाही. शेवटच्या आठवड्यात बर्फाच्या टबात पंधरा मिनिटे बसून दाखवणाऱ्या नवख्यांना तर मी स्पष्टपणे थांबवतो. सवय लागते ती पुन्हा पुन्हा थोडा वेळ उतरल्याने. एकदाच फार वेळ सोसल्याने केवळ शरीर गार पडते.

दोन गोष्टी मी प्रत्येकाला बजावून सांगतो. थंडीचा झटका हृदयाची गती वाढवतो, तर थंड पाण्यात बुडालेला चेहरा ती कमी करू पाहतो. या ओढाताणीत हृदयाचा ठोका बिघडू शकतो. म्हणून ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दुसरे असे की, पोहताना न थांबणारा खोकला, वाढत जाणारी धाप किंवा गुलाबी फेसाळ थुंकी दिसली, तर ते फुप्फुसांत द्रव साचत असल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी जिद्द दाखवू नये, लगेच हात वर करून बाहेर यावे. फार घट्ट वेटसूट आणि सकाळी गरज नसताना प्यालेले लिटर-दोन लिटर पाणी, दोन्ही हा धोका वाढवतात.

वेटसूटचे नियम न वाचणे ही त्यामानाने छोटी चूक, पण ती होते. वर्ल्ड ट्रायथलॉन या खेळाच्या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार हौशी वयोगटांना १,५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी १६ अंशांच्या खाली असेल तर वेटसूट सक्तीचा आणि २२ अंश किंवा त्याहून अधिक असेल तर निषिद्ध असतो, आणि त्याची जाडी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. सूट घालताना तो आधी पायांवर आणि काखेत पूर्ण वर ओढून घ्यावा; खांदे अडकण्याचे कारण बहुतेक वेळा खालून पूर्ण वर न ओढलेला सूट असते. नखे कापलेली असावीत. कानात बोळे घालावेत, कारण गार पाणी कानात शिरले की चक्कर येते आणि दिशा कळेनाशी होते.

बधिर बोटांचा सराव न करणे

पाण्यातून आल्यावर हेल्मेटचा पट्टा लागत नाही, ओल्या हातावर बाही चढत नाही, जेलचे (शर्यतीत खायच्या गोड, घट्ट रसाचे) पाकीट फाटत नाही. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावता येत नाही, त्यामुळे माणूस तिथेच कुडकुडत उभा राहतो. घरी बादलीत बर्फ घालून पाच मिनिटे हात बुडवावेत आणि मग हीच कामे एकामागून एक करून पाहावीत. मी हे केल्यापासून मोजे आणि हातमोजे आतून पावडर लावून, तोंड उलगडून ठेवतो आणि जेलच्या पाकिटांना आधीच छोटी चीर देतो. बाहेर आल्यावरही काही वेळ शरीराचे आतले तापमान उतरतच असते, म्हणून रस्ता सुरुवातीलाच उताराचा असेल तर जाकीट घालण्यात गेलेली दोन मिनिटे वाया गेली असे मी कधीच मानत नाही.

दुसरी मोठी चूक: चढाचा गिअर आधी न तपासणे

मला सपाटीवर हाच गिअर पुरतो, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता मी सरळ हिशेब मांडून दाखवतो. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन दहा टक्के चढावर ताशी ९ किलोमीटरने न्यायला सुमारे २१० वॅट लागतात, आणि तेवढी ताकद तासभर टिकवणे अनेक हौशी सायकलस्वारांना जड जाते. साखळीच्या पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्या चक्राला ३४ दात असतील तर या वेगाला पाय मिनिटाला सुमारे ७१ वेळा फिरतात. पुढे ३९ आणि मागे २५ असतील तर तेच पाय ४६ वर येतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात गुडघ्याने ढकलत जावे लागते, आणि पुढे धावायचे असते ते याच पायांनी. मोठी कॅसेट (मागच्या चाकावरच्या लहान-मोठ्या दात्यांचा संच) लावण्यात कमीपणा मानणाऱ्यांना मी कधी चढावर पुढे गेलेले पाहिले नाही. कॅसेट बदलताना आपला डिरेलर (साखळी एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तेवढे दात पेलतो का आणि साखळीची लांबी पुरते का, हेही पाहून घ्यावे.

पण योग्य कॅसेट असूनही माझी स्वतःची एक शर्यत गेली, आणि ती केवळ घाईमुळे. विमानाच्या प्रवासात खोक्यावर काहीतरी पडले असावे. सायकल जोडली, मुक्कामाबाहेरच्या सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवली, मधल्या तीन-चार दात्यांवर साखळी सुरळीत चालली, आणि मी समाधानाने झोपलो. शर्यतीत अकराव्या किलोमीटरला रस्ता उभा चढला तेव्हा प्रथमच सर्वांत मोठ्या दात्यावर साखळी घेतली. एक कर्कश कटकट ऐकू आली, मागचे चाक जागच्या जागी थांबले आणि मी कसाबसा पाय टेकला. डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर आतल्या बाजूला जरासा वाकला होता, डोळ्यांना दिसणारही नाही इतका. मधल्या दात्यांवर तेवढे चालून जाते; शेवटच्या दात्यावर डिरेलरचा पिंजरा आऱ्यांत शिरतो. हँगर तुटला होता, तीन आरे वाकले होते आणि साखळी चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये घट्ट रुतली होती. रस्त्याच्या कडेला बसून मी अडीच तास गाडीची वाट पाहिली.

तेव्हापासून प्रवासात मी डिरेलर हँगरवरून सोडवतो, फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळतो आणि फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात आतून बांधतो. माझ्या फ्रेमचा सुटा हँगर नेहमी सोबत असतो, कारण जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो आणि परक्या ठिकाणी तो ऐन वेळी मिळेलच असे नाही. सायकल जोडल्यावर मागे उभा राहून पिंजरा दात्यांच्या रेषेत आहे का ते पाहतो, आणि मग जवळचा एखादा चढ शोधून सर्वांत सोप्या गिअरवर तो पूर्ण चढतो. हे काम मी शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी करत नाही. दुरुस्तीला एक पूर्ण दिवस हाताशी असेल अशा बेताने करतो. सीटच्या दांड्यावर निघण्यापूर्वीच चिकटपट्टीने खूण करावी आणि कार्बनच्या भागांवरचे बोल्ट तिथे लिहिलेल्या मापाने, टॉर्क पाना (किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना) वापरूनच आवळावेत. अंदाजाने आवळून मोडलेला स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग) मी पाहिला आहे.

उताराबद्दल थोडक्यात. ब्रेक सतत धरून ठेवू नये. कार्बनच्या रिमवर ब्रेक लागत असेल तर ती तापून ट्यूब फुटू शकते. वळणाआधी जोरात दाबावा, वेग उतरला की सोडावा. उंच कडांची पुढची चाके डोंगरातल्या आडव्या वाऱ्यात हँडल हिसकावतात, ती घरी ठेवावीत. खाणे चढाच्या मध्यावर किंवा उतारावर जमत नाही, म्हणून माथ्याजवळ रस्ता सपाट होताच मी काहीतरी तोंडात टाकतो, भूक असो वा नसो. थंडीत तहान कळत नाही, तेव्हा पिण्यासाठीही घड्याळच पाहावे.

धावण्याच्या तयारीत लोक चढच चढ करतात आणि उतार विसरतात. उतारावर मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच आवळलेले असतात, आणि त्याची सवय नसेल तर शेवटच्या टप्प्यात पाय पायरीसुद्धा उतरत नाहीत. शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी उतारावर धावण्याची एक-दोन सत्रे केली तर त्यांचे संरक्षण आठवडे टिकते. शेवटच्या दहा दिवसांत मात्र ती करू नयेत, कारण तेव्हा पदरी पडते ते फक्त दुखणे.

एकूण चढाई किती मीटर एवढेच पाहून कट-ऑफचा, म्हणजे ठरावीक टप्पा गाठण्याच्या शेवटच्या वेळेचा, हिशेब करू नये. ती चढाई कुठे आहे आणि किती टक्क्यांची आहे हे पाहावे. झोपेची वेळ बदलणारा प्रवास असेल तर प्रत्येक तासाच्या फरकासाठी साधारण एक दिवस धरावा. आणि शर्यत डोंगरमाथ्यावर संपत असेल तर कोरड्या कपड्यांची पिशवी तिथे आधीच पोहोचवावी, त्यात टोपी आणि मोजे वर ठेवावेत, कारण थांबल्यावर कापरे भरायला पाच मिनिटेही लागत नाहीत आणि त्या अवस्थेत पिशवीच्या तळाशी गेलेले मोजे सापडत नाहीत.