शीड बदलताना या चुका टाळा

होडी मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला आणि घर जळगाव-धुळ्याला असेल, तर पावसाळ्याआधी शिडं उतरून घरी येतात. जुनं शीड अंगणात पसरलेलं असतं, म्हणून त्यावरूनच माप घेऊन नव्याची ऑर्डर दिली जाते. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वापराने कापड ताणलेलं असतं, कडेत शिवलेला दोर आटलेला असतो. माप होडीवरच घ्या. शीड चढवायच्या दोरीला स्टीलचा टेप बांधा, परत खेचायला टेपला सुतळीही बांधा. टेप डोलकाठीच्या टोकापर्यंत चढवून बूमच्या (शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) वरच्या पातळीपर्यंत मोजा, हे ‘पी’. डोलकाठीच्या मागच्या बाजूपासून बूमवर शीड जिथवर ताणता येतं तिथवरचं अंतर ‘ई’. पुढचं शीड फर्लरवर (शीड गुंडाळणाऱ्या यंत्रणेवर) गुंडाळायचं असेल तर तिच्या खालच्या ड्रमच्या शॅकलपासून (जोडकडीपासून) वरच्या स्विव्हलच्या, म्हणजे फिरत्या जोडाच्या, शॅकलपर्यंतचं अंतरही घ्या. नाहीतर नवं शीड लांब होतं आणि ताणलंच जात नाही. डोलकाठीच्या खाचेत सरकणारी, शिडाच्या कडेला लावलेली एक जुनी स्लाइड (सरकपट्टी) नमुन्याला पाठवा.

पण शीड खरंच संपलंय का, हे आधी पाहा. डोलकाठीकडून आडव्या सुरकुत्या निघत असतील तर चढवायची दोरी सैल आहे. डोलकाठीलगत उभी घडी पडत असेल तर ही दोरी जास्त ताणली गेली आहे. मागची कड फडफडत असेल तर त्या कडेतली बारीक दोरी थोडी ओढा. यासाठी नवं शीड लागत नाही.

खरी परीक्षा मध्यम वाऱ्यात, होडी वाऱ्याच्या जास्तीत जास्त जवळ चालवताना. बूमच्या मध्याखालून वर बघा किंवा फोटो काढा. मेनसेलचा (डोलकाठीमागच्या मुख्य शिडाचा) फुगवटा पुढच्या कडेपासून ४० ते ४५ टक्क्यांवर सर्वांत खोल हवा. तो निम्म्याच्या मागे गेला असेल आणि चढवायची दोरी ताणूनही पुढे येत नसेल, तर कापड गेलं. असं शीड होडीला नुसतं कलवतं, सुकाणू हाताला ओढतं.

कापडाआधी दोरा मरतो, उन्हाने. शिवणीवर नखाने जोरात खरवडा. टाके तुटले पण कापड कडक असेल, तर सगळ्या शिवणी पुन्हा घालून घ्या. नव्या शिडाच्या मानाने हा खर्च खूपच कमी.

कापड घेताना ‘६ औंस’ एवढ्यावर थांबू नका. शीड बनवणाऱ्यांचा औंस आणि अमेरिकी कापडाचा औंस वेगळे: पहिल्यात ६ औंस म्हणजे सुमारे २५७ जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), दुसऱ्यात २०३. भाव जीएसएममध्येच विचारा. २० ते २५ फुटी होडीच्या मेनसेलला साधारण २४० ते २८० जीएसएमचं विणलेलं डेक्रॉन (पॉलिस्टर कापड) पुरतं. लॅमिनेट, म्हणजे थर चिकटवून केलेलं कापड, भटकंतीच्या होडीला घेऊच नये. थर सुटतात, बुरशी धरते. रीफच्या, म्हणजे जोराच्या वाऱ्यात शीड लहान करायच्या, दोन ओळी मात्र आवर्जून सांगा.

घरी आणलेलं शीड गोड्या पाण्याने धुवा, मीठ पूर्ण जाऊ द्या, सावलीत वाळवा. मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे तापमान ४५ अंशांवर जातं. धाब्यावर वाळत घालू नका, पत्र्याखाली ठेवू नका. कापूस किंवा धान्य भरलेल्या खोलीतही नको, उंदीर एका रात्रीत घडीच्या आरपार भोकं पाडतात. सैल गुंडाळी करून उंचावर टांगा.