जुनी मोठी एसयूव्ही नागपुरात चालवताय? मग या चुका टाळा

दोन वर्षांआधीची गोष्ट. मे महिना, नवतपा लागलेला, आणि आम्ही चंद्रपूरचं लग्न आटोपून परत येत होतो. सात सीटर डिझेल, २०१२ चं मॉडेल, मीटरवर १ लाख ८६ हजार, गाडी गच्च भरलेली आणि टपावर बॅगा. जाम गाव सोडल्यावर टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्या थोडा वर दिसला, मी एसी बंद केला, काटा खाली आला, म्हटलं चला झालं. बुटीबोरीच्या अलीकडे तो परत चढला आणि यावेळी लाल पट्टीला टेकला. मागून काकू म्हणाल्या, "बाबू, काहीतरी गोडसर जळका वास येऊन राहिला बघ." पण घर अर्ध्या तासावर होतं, म्हाताऱ्या माणसांना त्या उन्हात रस्त्यावर कुठे उभं करायचं, म्हणून मी गाडी तशीच दामटत आणली.

त्या अर्ध्या तासाचं बिल झालं ४१ हजार. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकलं आणि त्याच्या खालचं पॅकिंग, गॅस्केट, गेलं. आणि मूळ बिघाड काय, तर रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालेलं, त्यामुळे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, दोन महिन्यांपासून थोडं थोडं उडून जात होतं. नवीन झाकण साडेतीनशे रुपयाला आलं.

तेव्हापासून मी या गाड्यांच्या मागे लागलो. वाडीच्या गॅरेजांमधे, कामठी रोडला, ओळखीच्या मिस्त्र्यांजवळ बसून बसून जे कळलं ते लिहितोय, कारण आपल्याकडे जुनी स्कॉर्पिओ, सफारी, फॉर्च्युनर घेणारे लय लोकं आहेत आणि सगळे जवळपास त्याच त्याच जागी पैसे घालवतात. खालचे पैसे मी स्वतः मोजलेले किंवा माझ्यासमोर मित्रांनी मोजलेले आहेत, बाहेरच्या गॅरेजचे, २.२ लिटरच्या देशी डिझेल गाडीसाठी. तीन लिटरची जपानी बनावटीची गाडी असेल तर बहुतेक ठिकाणी दुप्पट धरा.

पाण्याची चूक, आणि हीच सगळ्यात मोठी

कूलंट कमी दिसलं की बाटलीतलं नाहीतर बोअरचं पाणी टाकायचं, ही सवय आधी सोडा. विदर्भात बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड आहे, तुमच्या घरच्या कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो ना, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांमधे आतून बसतो. माझ्या रेडिएटरचं झाकण उघडलं तेव्हा तोंडाच्या कडेला बोटाने खरवडता येईल इतकी पांढरी पापडी होती आणि आतलं पाणी चहा पाण्यात विसळल्यासारखं तपकिरी. म्हणजे आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं नळाचं नाहीतर बोअरचंच टाकलं असणार.

झाकण का इतकं महत्त्वाचं ते सांगतो. पाणी १०० डिग्रीला उकळतं, पण झाकण आतमधे दाब धरून ठेवतं म्हणून सिस्टीममधलं पाणी १२० च्या आसपास जाईस्तोवर उकळत नाही. स्प्रिंग ढिली पडली किंवा रबर गेलं की दाब राहत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर जातं. बाहेर ४५ डिग्री, एसी फुल, गाडीत सात माणसं, मग इंजिनकडे वाचायला जागाच उरत नाही. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी झाकण बदलून टाका, तपासत बसू नका. आणि गरम असताना ते कधीच उघडू नका, निदान अर्धा-पाऊण तास थांबा, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

कूलंट घेताना रंग बघून घेऊ नका. हिरवं हिरव्यात चालते असं दुकानदार सांगतो, पण रंग कंपनी आपल्या मनाने देते, आतलं केमिकल वेगळं असू शकतं आणि दोन न जुळणारी मिसळली की गाळ होतो. काय आहे ते माहीत नसेल तर सगळं काढून फ्लश करून एकाच जातीचं भरा. फ्लश आणि कूलंट मिळून अडीच-तीन हजारात होतं.

आता पंखा. बऱ्याच जुन्या मोठ्या गाड्यांमधे इंजिनवरच्या पंख्याला व्हिस्कस कपलिंग असतं, म्हणजे इंजिन तापलं की पंख्याला जोर देणारा जोड. सकाळी थंड इंजिन, गाडी बंद, चावी खिशात, आणि पंखा हाताने फिरवून बघा. थोडा जड लागला पाहिजे. सोडल्यावर भिंगरीसारखा फिरतच राहिला तर कपलिंग गेलं. अशी गाडी हायवेला थंड राहते आणि वर्धा रोडच्या ट्रॅफिकमधे गरम होते, ही त्याची ओळख. उलटं असेल, म्हणजे गावात ठीक आणि हायवेला गरम, तर आधी रेडिएटर चोक आहे का ते बघा. कपलिंग ५ ते ८ हजार, रेडिएटर ८ ते १४ हजार.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, मिस्त्री म्हणाला "भाऊ, थर्मोस्टॅट काढून टाकू, नागपुरात काय काम त्याचं" तर नाही म्हणा. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम झाल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह. तो नसला की थंडीत इंजिन गरमच होत नाही, ॲव्हरेज पडतं, कार्बन वाढतो, आणि काही इंजिनांमधे तर बायपासचा रस्ता उघडा राहून कूलंट रेडिएटरमधे पुरेसं जातच नाही, म्हणजे ज्या आजारासाठी काढला तोच वाढतो. नवीन दीड-दोन हजाराला मिळतो.

काटा वर गेला तर काय करायचं? एसी बंद, हीटर फुल, काचा खाली, ॲक्सिलरेटर सोडून बाजूला घ्या. वाफ दिसत असेल किंवा काटा लालला टेकला असेल तर इंजिन लगेच बंद. तिथून टोईंग करा. नागपूरच्या आसपास टोईंगचे तीन-चार हजार लागतात, मी हे तीन-चार हजार वाचवायला गेलो होतो.

हेड गॅस्केट खरंच गेलं की नुसता संशय आहे हेही तपासता येतं. एक निळं पाणी येतं, रेडिएटरच्या तोंडावर धरून त्यातून आतली हवा ओढतात, सिलिंडरचा गॅस कूलंटमधे येत असेल तर निळ्याचं पिवळट-हिरवं होतं. ही टेस्ट न करता, फक्त पांढरा धूर बघून हेड खोलायला हो म्हणू नका. खोललंच तर हेड फेसिंगला, म्हणजे सपाट करायला, लेथवर पाठवायच्या आधी पट्टी लावून किती वाकलंय ते स्वतःच्या डोळ्याने बघा.

एसीवाला आणि गॅस

दर एप्रिलमधे गॅस भरणारे लोकं मी बघितले आहेत. गॅस काही पेट्रोल नाही संपायला, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. आधी लीक शोधायला लावा, डाय, म्हणजे रंग, टाकून किंवा नायट्रोजन भरून. मागच्या सीटचा वेगळा एसी असलेल्या गाड्यांमधे खालून जाणारे लांब पाइप सडतात आणि तिकडे कोणी बघतच नाही. अजून एक, कंडेन्सर, म्हणजे एसीची जाळी, रेडिएटरच्या पुढे असतो, समृद्धीवर रात्रीचे किडे आणि गावरस्त्याची धूळ त्यात बसते, मग एसीही कमी आणि इंजिनही गरम. हलक्या प्रेशरने धुवून घ्या, जोरात मारलं तर फिन्स वाकतात.

पिकअप गेला म्हणजे टर्बो गेला असं नाही

माझ्या मित्राची गाडी, एमएच-४० पासिंग, उमरेडच्या रस्त्याला एकदम मेली, ८० च्या वर जाईना, काळा धूर. पहिल्या गॅरेजने टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, सांगितला, ३८ हजार. दुसऱ्या मिस्त्रीने बोनेट उघडलं, एकाला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं आणि इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, पाइपवर हात फिरवत गेला. एका वळणावर हवा हाताला लागली, रबर चिरलेलं होतं, आजूबाजूला तेलाचा ओला डाग. पाइप आणि क्लिप २,२०० रुपये. टर्बो जसाच्या तसा चालून राहिला अजून.

टर्बो खरंच जातो तेव्हा निळा धूर येतो, तेल कमी होतं, सायरनसारखी शिट्टी वाढत जाते. तिथवर जायचं नसेल तर तेल वेळेवर बदला, आणि समृद्धीवरून १०० च्या वर पळवून शिवमडक्याला उतरल्यावर पहिल्याच चहाला चावी फिरवू नका, एक-दोन मिनिटं आयडलवर राहू द्या.

इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचंही तेच. स्कॅनर लावला, पी ००८७ आला, म्हणजे रेलमधे, इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या पाइपात, प्रेशर कमी. यावरून कोणी सरळ पंप सांगतो, कोणी चारही इंजेक्टर. अरे, डिझेल फिल्टर चोक असला तरी हाच कोड येतो आणि फिल्टर हजार-बाराशेचा आहे! कोड म्हणजे फक्त कुठे बघायचं ते, काय बदलायचं ते नाही. आधी फिल्टर, मग इंजेक्टरच्या रिटर्नला चार सारख्या बाटल्या लावून बॅक लीक टेस्ट, जी बाटली जास्त भरते तो इंजेक्टर झिजला. एकच खराब असताना चार बदलू नका. रिपेअर एकाचे ४ ते ७ हजार, नवीन १२ ते २० हजार, आणि नवीन टाकल्यावर त्याच्यावरचा कोड ईसीएममधे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधे, फीड झाला का विचारा, नाहीतर गाडी थरथरते आणि तुम्हाला वाटतं माल डुप्लिकेट होता.

टाइमिंग बेल्ट म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा. त्याबद्दल एवढंच, तुमच्या इंजिनला बेल्ट आहे का चेन ते माहीत करून घ्या. महिंद्राच्या एमहॉक इंजिनला चेन आहे, २००९ मधे भारतात आलेल्या पहिल्या ३.० लिटर फॉर्च्युनरला बेल्ट आहे. जुनी गाडी घेतली आणि बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरा. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात आणि मग लाखाच्या खाली विषय नाही.

खडखड, टायर वगैरे

सिमेंट रोडच्या जॉइंटवर पुढून टकटक आली की शॉकअप बदलून घेतात लोकं, १२-१५ हजार जातात आणि आवाज तिथेच. आधी लिंक रॉड बघा, आठशे-हजाराचा असतो, मग लोअर आर्मचे बुश, म्हणजे जोडाचे रबर, मग बॉल जॉइंट. जॅकवर चाक उचलून वर-खाली धरून हलवलं आणि प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डावी-उजवीकडे धरून लागला तर टाय रॉड किंवा स्टेअरिंग. बुश फाटलेले असताना अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे पाण्यात, आठवड्यात परत तसंच. फोर बाय फोर असेल तर महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर फोर बाय फोर लावून थोडी चालवा, डांबरावर नाही, आणि ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल, म्हणजे चाकांना ताकद वाटणारे गिअर, यांचं तेल शेवटचं कधी बदललं ते विचारा. बहुतेकांना आठवतच नाही.

टायरवर मात्र थांबून वाचा. दोन टनाची गाडी, मे महिन्याचं तापलेलं काँक्रीट आणि कारला १२० ची परवानगी असलेला समृद्धी. टायरच्या बाजूला डीओटी नंतर शेवटचे चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला. नक्षी कितीही चांगली दिसो, सहा वर्षं झालेला टायर घेऊन त्या रस्त्यावर लेकरंबाळं बसवून जाऊ नका. स्टेपनीचाही आकडा वाचा, ती तर बऱ्याचदा गाडीच्याच वयाची असते. हवा सकाळी थंड टायरमधे भरायची, दारावरच्या स्टिकरप्रमाणे, सामान जास्त असेल तर फुल लोडचा आकडा धरून.

मोठा खर्च करायच्या आधी

आरसी काढा आणि तारीख बघा. १५ वर्षं व्हायला वर्षभर राहिलं असेल तर इंजिनमधे लाख घालायच्या आधी हिशोब मांडा, कारण कारच्या पुनर्नोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झाली, वरून जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्स, आणि आरटीओत फिटनेसला गाडी उभी करायची तर लाइट, ब्रेक, धूर सगळं नीट पाहिजे. मी माझ्या गाडीचं हे आत्ताच एका वहीत मांडून ठेवलंय, २०२७ ला तिची वेळ येते, तोवर वर्षाला साधारण ३५-४० हजार मेंटेनन्सला बाजूला काढतो. ज्याला एवढे काढता येत नाहीत त्याने ही गाडी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, छोटी हॅचबॅक घ्या, सुखाने राहाल.

आणि सेकंडहँड बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच फोनवर सांगा, "भाऊ, मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका." गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, पण गाडी बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, धूर कोणत्या रंगाचा येतो, आणि रेडिएटरचं झाकण उघडल्यावर आत काय दिसतं, एवढं तरी स्वतः बघा.